ब्राँक्सची विज्ञानशाळा: प्रस्तावना

न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात शहराच्या तिजोरीतून चालणारी, एक पैसाही फी न घेणारी एक शाळा आहे: ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स. तिचं नाव निघालं की पाठोपाठ यादी येते. लिऑन कूपर, शेल्डन ग्लॅशो, स्टीव्हन वाइनबर्ग, मेल्विन श्वार्ट्झ, रसेल हल्स, डेव्हिड पोलिट्झर आणि रॉय ग्लॉबर. हे सातही जण या शाळेत शिकले आणि सातही जणांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रसायनशास्त्राचे रॉबर्ट लेफ्कोविट्झ (२०१२) आणि अर्थशास्त्राच्या क्लॉडिया गोल्डिन (२०२३) धरल्या तर आकडा नऊवर जातो. भारताच्या नागरिकाला भौतिकशास्त्राचं नोबेल आजवर एकदाच मिळालं, १९३० साली, सी. व्ही. रामन यांना. साहजिकच आपल्याकडे कुणी या शाळेबद्दल लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत ही तुलना येते. मीही तेच केलं.

यादी खरीच आहे. फक्त ती सरळ वाचायची नाही, बॅचप्रमाणे लावून वाचायची. ग्लॉबर १९४१चे, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या तुकडीचे. कूपर १९४७चे, श्वार्ट्झ १९४९चे, ग्लॅशो आणि वाइनबर्ग १९५०चे. सातातले चार जण चार वर्षांत बाहेर पडले. हल्स आणि पोलिट्झर दोघेही १९६६चे. लेफ्कोविट्झ १९५९चे आणि गोल्डिन १९६३च्या. नोबेल मिळायला बहुधा उतारवय यावं लागतं हे मान्य केलं तरी सगळी नावं शाळेच्या पहिल्या अठ्ठावीस वर्षांतली आहेत हे नजरेआड करता येत नाही. शाळा पुढेही चालू राहिली, मुलंही हुशारच येत राहिली. मग त्या वर्षांत असं काय होतं? या पुस्तकाची सुरुवात या प्रश्नापासून झाली. उत्तर शोधत गेलो तेव्हा प्रयोगशाळेपेक्षा शाळेच्या दाराशीच जास्त वेळ गेला. आत कुणाला घ्यायचं, कोणत्या कसोटीवर घ्यायचं आणि ती कसोटी कुणी ठरवायची, यावर या शाळेत जेवढी भांडणं झाली तेवढी अभ्यासक्रमावर झाल्याचं मला तरी दिसलं नाही.

शाळा सुरू झाली १९३८ साली. अमेरिकेत तेव्हा मंदीचं दशक चालू होतं. न्यू यॉर्कला निवडक मुलांच्या सरकारी शाळा नव्या नव्हत्या. मॅनहॅटनमधलं स्टायव्हसंट हायस्कूल १९०४ साली मुलांना हातकामाचं शिक्षण द्यायला निघालं. तिथं मुलांची इतकी गर्दी झाली की १९३४ पासून प्रवेशपरीक्षा घ्यावी लागली. ब्रुकलिन टेक १९२२पासून होतं. महापौर ला गार्डिया यांनी १९३६ साली संगीत आणि चित्रकलेसाठी स्वतंत्र हायस्कूल काढलं. त्याच ओघात विज्ञानासाठी वेगळी शाळा काढायचं शहराच्या शिक्षण मंडळाने ठरवलं. मुख्याध्यापक म्हणून मॉरिस माइस्टर आले. पहिल्या शिक्षकांपैकी काही स्टायव्हसंटमधून आले.

इमारत नवी मिळाली नाही. क्रेस्टन ॲव्हेन्यू आणि १८४व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची, गॉथिक धाटणीची, वळचणीला दगडी राक्षसमुखं असलेली जुनी वास्तू पदरात पडली. ती १९१८ साली इव्हँडर चाइल्ड्स हायस्कूलसाठी बांधली होती. मग तिथं वॉल्टन ही मुलींची शाळा आली आणि त्यानंतर डेविट क्लिंटन हायस्कूलची जादा मुलं बसवली गेली. विज्ञानशाळेची मुलं आली तेव्हा क्लिंटनची मुलं तिथंच होती. नववीची सुमारे दीडशे आणि दहावीची अडीचशे मुलं घेऊन काम सुरू झालं, तेही भाडेकरूने अर्ध्या घरात बिऱ्हाड मांडावं तसं. शाळेचा पट वाढत गेला तसतशी क्लिंटनची मुलं आपल्या मूळ इमारतीत परतली. सगळे मुलगेच होते. मुलींना प्रवेश नव्हता.

माइस्टर यांच्याविषयी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथं थोडक्यात सांगतो. १९२१ साली कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो शाळा सुटल्यानंतर मुलं विज्ञानाच्या साधनांशी आणि उपक्रमांशी काय करतात, त्यातून काय शिकतात, यावर. वर्गातल्या शिकवण्यावर नव्हे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. विज्ञान शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९४४ साली उभी राहिली, तिचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. शाळा त्यांनी वीस वर्षं चालवली. तिच्यावर त्यांचा ठसा आहे तो या एका समजुतीचा: तासाच्या घंटेत विज्ञान जेवढं होतं त्याहून जास्त घंटेबाहेर होतं.

आता मघाच्या प्रश्नाकडे येतो. त्या काळातल्या ब्राँक्समध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची दाट वस्ती होती. ग्लॅशो यांचे वडील प्लंबर, वाइनबर्ग यांचे वडील कोर्टात स्टेनोग्राफर. घरात पैसा बेताचा आणि शिक्षणावर श्रद्धा मोठी, हे चित्र मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. मोठ्या खासगी विद्यापीठांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड न बोलता मर्यादा घातलेली होती. प्राध्यापकीची दारंही त्यांना सहजी उघडत नसत. त्यात मंदी. एरवी विद्यापीठात शिकवायला गेली असती अशी माणसं स्पर्धापरीक्षा देऊन शहराच्या शाळांत पक्क्या पगारावर लागली. म्हणजे दाराबाहेर ठेवलेले शिक्षक आणि दाराबाहेर ठेवलेल्यांची मुलं एकाच छताखाली आली. मग युद्ध आलं. भौतिकशास्त्राची प्रतिष्ठा अणुबाँबमुळे एकाएकी वाढली, संशोधनाला पैसा आला, आणि विद्यापीठांची ती अघोषित मर्यादा ढिली झाली. १९४७ ते १९५० या काळात बाहेर पडलेली मुलं नेमकी या वेळी कॉलेजच्या वयात होती. पहिल्या तुकडीचे ग्लॉबर हार्वर्डला गेले आणि १९४३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, लॉस अलामोसच्या बाँब प्रकल्पावर कामाला लागले. शाळेचं श्रेय यात आहेच, पण ते कितपत हे मोजताना हा काळ वजा करावा लागतो. शाळेच्या गौरवग्रंथांत ही वजाबाकी सहसा केलेली नसते.

वजाबाकी केल्यावर शाळेच्या पदरात काय उरतं ते ग्लॅशो यांच्या आठवणींत सापडतं. शाळेत गणित तेव्हा घनभूमितीपाशी संपत असे. कलनशास्त्र अभ्यासक्रमात नव्हतंच. ग्लॅशो ते शिकले शाळेच्या जेवणघरात, डॅनिएल ग्रीनबर्गर या वर्गमित्राकडून. भौतिकशास्त्राची गोडी लागली ती जेराल्ड फाइनबर्ग आणि स्टीव्हन वाइनबर्ग या दोन मित्रांमुळे, शाळेला येता-जाता भुयारी रेल्वेत चालणाऱ्या गप्पांतून. ही मुलं विज्ञानकथांची वेडी होती. प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या काल्पनिक कणाला पुढे ‘टॅकिऑन’ हे नाव देणारा तो हाच फाइनबर्ग. आणि ग्रीनबर्गर म्हणजे क्वांटम भौतिकीतल्या ‘जीएचझेड’ अवस्थेतलं पहिलं अक्षर. जेवणाच्या टेबलावर कलनशास्त्र शिकवणारा मुलगा असा होता! ग्लॅशो आणि वाइनबर्ग पुढे कॉर्नेलला बरोबरच गेले. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातलं दुर्बल बल ही एकाच बलाची दोन रूपं आहेत हे दाखवणाऱ्या सिद्धान्तासाठी १९७९ साली दोघांना नोबेल विभागून मिळालं. तिसरे वाटेकरी होते पंजाबातल्या झंगचे अब्दुस सलाम, आणि त्यांच्यासाठी असं कुठलंही जेवणघर कुणी तयार ठेवलेलं नव्हतं.

माझं मत असं की शाळेने या मुलांना शिकवलं त्यापेक्षा एकमेकांशेजारी बसवलं हे मोठं काम केलं. एरवी ती आपापल्या वस्तीतल्या शाळेत एकेकटी पडली असती. इतर मुलांनी चिडवलं असतं आणि विज्ञानकथा बाकाखाली लपवून वाचाव्या लागल्या असत्या. इथं त्यांना आपल्यासारखीच पंचवीस-तीस मुलं एकाच खोलीत सापडली. या मताला शाळेतल्या काही जुन्या शिक्षकांनी नक्कीच आक्षेप घेतला असता, आणि त्यांची बाजू पुस्तकात यथाशक्ती मांडली आहे.

शाळेचं नाव विज्ञानाचं असलं तरी सगळी मुलं विज्ञानात गेली नाहीत. कादंबरीकार ई. एल. डॉक्टरोव इथलेच. चारी बाजूंना गणितात तरबेज पोरं पाहून ते धास्तावले आणि ‘डायनॅमो’ या शाळेच्या वाङ्मयीन नियतकालिकाच्या खोलीत आश्रयाला गेले. त्यांचं पहिलं लेखन तिथंच छापलं गेलं. बॉबी डॅरिन गायक झाला. रॉबर्ट मूग यांनी सिंथेसायझर बनवला आणि निम्म्या जगाच्या संगीताचा आवाज बदलला. त्रिनिदादहून आलेला स्टोकली कारमायकल १९६० साली इथून बाहेर पडला. सहा वर्षांत ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. आणखी एक जोडी मला फार आवडते. मेंदूच्या धर्तीवर शिकणारं ‘परसेप्ट्रॉन’ हे यंत्र मांडणारे फ्रँक रोझेनब्लॅट या शाळेचे. त्या यंत्राच्या मर्यादा दाखवणारं पुस्तक १९६९ साली सीमोर पॅपर्ट यांच्याबरोबर लिहून त्या संशोधनाचा बराच काळ श्वास कोंडणारे मार्विन मिन्स्की, तेही काही काळ इथलेच विद्यार्थी. आज घरोघर ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा चालते तिच्यातलं एक जुनं भांडण असं एकाच शाळेतल्या दोन मुलांचं निघतं.

मुलींसाठी दार उघडलं १९४६ साली, शाळा निघाल्यावर आठ वर्षांनी. क्लॉडिया गोल्डिन लहानपणी पुरातत्त्वाच्या नादात होत्या. मग जंतुशास्त्राच्या शोधांवरचं पॉल डी क्रुइफ यांचं पुस्तक वाचून सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं ठरवलं आणि कॉर्नेलला गेल्यावर अर्थशास्त्राकडे वळल्या. नोबेल मिळालं ते अमेरिकेतल्या बायकांचं अर्थार्जन दोनशे वर्षांत कसं बदलत गेलं याच्या अभ्यासाला. त्यांचा जन्मही १९४६चाच. शाळेचं दार ज्या वर्षी मुलींना खुलं झालं त्याच वर्षी ब्राँक्समध्ये जन्मलेली मुलगी सतरा वर्षांनी तिथून बाहेर पडली आणि बायकांच्या वाट्याला आलेल्या बंद दारांचा हिशोब मांडून स्टॉकहोमला गेली. हा योगायोग आहे, पण इतिहास लिहिणाऱ्याला असा योगायोग टाळवत नाही.

नव्या इमारतीत शाळा गेली ३ मार्च १९५९ला, डेविट क्लिंटनच्या शेजारी. जुन्या ग्रंथालयातली पुस्तकं हलवायला ट्रक लागले नाहीत. जुन्या इमारतीतून निघताना प्रत्येक मुलाने पाच पुस्तकं घरी नेली आणि नव्या ग्रंथालयात परत केली, झालं. नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात व्हेनिसच्या काचतुकड्यांचं ६३ फूट लांबीचं भित्तिचित्र आहे. फ्रँक रायली यांचं. त्याचा विषय पाहण्यासारखा आहे: जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचं रक्षण करणाऱ्या मानव्यविद्या. विज्ञानशाळेच्या दारातून आत पाऊल टाकताच समोर हे चित्र येतं.

या स्थलांतराला माइस्टर मुख्याध्यापक म्हणून नव्हते. १९५८ साली ते शाळा सोडून ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. हे कॉलेज हुशार मुलं वेचून घेण्यासाठी काढलेलं नव्हतं. हायस्कूल संपल्यावर महागड्या विद्यापीठात जाऊ न शकणाऱ्या साध्या मुलांसाठी ते होतं, आणि त्याचे वर्ग पुढे भरू लागले ते क्रेस्टन ॲव्हेन्यूच्या त्याच राक्षसमुखांच्या इमारतीत. निवडक मुलांची शाळा उभी करणारा माणूस त्याच भागात कुणालाही येता येईल असं कॉलेज उभारायला गेला. माइस्टर यांच्यावर ‘उच्चभ्रू’ असा शिक्का मारणाऱ्यांनी त्यांच्या आयुष्याचं हे दुसरं पान उलटून पाहिलेलं दिसत नाही.

पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण १९७१ सालाचं आहे. तोवर शहर बदललं होतं. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांची संख्या वाढली होती, पण या शाळेत त्यांची मुलं फार थोडी दिसत. मॅनहॅटनमधल्या एका शालेय विभागाच्या अधीक्षकांनी उघड आरोप केला की प्रवेशपरीक्षा एका विशिष्ट संस्कृतीतल्या मुलांच्या बाजूने झुकलेली आहे. शहराचे शिक्षणप्रमुख हार्वी स्क्रिबनर यांनी चौकशीसाठी समिती नेमली. समितीचं काम होण्याआधीच पालक आणि माजी विद्यार्थी खडबडून जागे झाले. बर्टन हेक्ट आणि जॉन कलँड्रा हे ब्राँक्सचेच दोन आमदार. त्यांनी मांडलेलं विधेयक राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलं आणि गव्हर्नर रॉकफेलर यांनी सही केली. ब्राँक्स सायन्स, स्टायव्हसंट आणि ब्रुकलिन टेक या तीन शाळांत प्रवेश फक्त आणि फक्त स्पर्धापरीक्षेतल्या गुणांवर मिळेल, असं हा कायदा सांगतो. कायद्यातच एक खिडकी ठेवली. थोडक्यात हुकलेल्या, गरीब घरच्या मुलांना उन्हाळ्यात जादा अभ्यास करवून आत घ्यायची सोय केली. तिला ‘डिस्कव्हरी’ कार्यक्रम म्हणतात.

परिणाम असा झाला की शहराच्या शाळेची प्रवेशाची रीत शहराच्या हातात उरली नाही. ती बदलायची तर राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, जावं लागतं. २०१८ साली महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षा रद्द करून प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या सात टक्के मुलांना जागा द्यायचा प्रस्ताव मांडला. त्यांचा स्वतःचा मुलगा परीक्षा देऊनच ब्रुकलिन टेकला गेला होता, हे विरोधकांनी आठवण करून द्यायचं सोडलं नाही. सर्वांत मोठा विरोध केला आशियाई वंशाच्या पालकांनी. १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियाला उघडली, त्यानंतर या शाळांचा चेहरा पालटला होता. चीन, कोरिया, भारत आणि बांगलादेश इथून आलेल्या कुटुंबांची मुलं आता तिथं मोठ्या संख्येने आहेत. आईवडील दुकानात किंवा टॅक्सीवर राबतात, पोरगं संध्याकाळी क्लासला. विधिमंडळाने कायदा बदलला नाही. दुसऱ्याच वर्षी, २०१९ साली, स्टायव्हसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला सात आल्या. ब्राँक्स सायन्सचं चित्र याहून फार निराळं नाही.

मी या भांडणात तटस्थ नाही. १९३०च्या दशकात परीक्षा हा न्यायच होता. ज्याच्या आडनावावरून विद्यापीठ त्याला नाकारत होतं त्याला उत्तरपत्रिकेवर आडनाव बघितलं जात नाही याचा आधार मोठा होता. आज क्लासच्या फीवर तो आधार विकत मिळू लागला आहे. तरी परीक्षा टाकून द्यावी असं मला वाटत नाही, कारण तिच्याऐवजी येणाऱ्या शिफारशी आणि मुलाखती कुणाच्या बाजूला झुकतात हे आपण भारतात पुरेसं पाहिलं आहे. माझा आक्षेप आहे तो तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या एका दिवसाच्या तीन तासांपलीकडे काहीच पाहायचं नाही या कायदेशीर सक्तीला. शिवाय या परीक्षेत इंग्रजी आणि गणित एवढेच विभाग असतात. विज्ञानाचा विभागच नाही, आणि प्रवेश कुठे, तर विज्ञानशाळेत!

मराठी वाचकाला इथं नवोदय विद्यालयं आठवतील. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातली ही कल्पना. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीला निघालं. तीही सरकारी, तीही प्रवेशपरीक्षेवर चालणारी. पण तिथं किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी पहिल्यापासून राखीव ठेवल्या. दाराचा प्रश्न तोच, उत्तर वेगळं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची १९६९मधली प्रशाला हे आणखी तिसरं उत्तर, पण ती संस्था सरकारी नाही म्हणून इथं तिचा फक्त उल्लेख करतो. या तुलना पुस्तकात पुढे ताणलेल्या नाहीत. ब्राँक्सची कथा ब्राँक्समध्येच राहू दिली आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रकरणं सालवारीने लावली आहेत, पण मुख्याध्यापकांच्या कारकिर्दींप्रमाणे भाग पाडलेले नाहीत. माइस्टर यांच्यानंतर अलेक्झांडर टॅफेल वीस वर्षं होते, आणि शाळेच्या आयुष्यातली सर्वांत मोठी उलथापालथ त्यांच्या वेळची. तरीही ती शाळेने घडवलेली नव्हती. शाळेचं वर्तमानपत्र ‘सायन्स सर्व्हे’ आणि वार्षिक ‘ऑब्झर्व्हेटरी’ यांचा आधार मुलांच्या रोजच्या जगण्यासाठी घेतला आहे. मोठ्यांच्या वादांत त्या अंकांचा फारसा उपयोग होत नाही. नोबेलची यादी एकाच प्रकरणात उरकली आहे. घाईतल्या वाचकाने तिथून सुरुवात करायला हरकत नाही, मात्र मग १९७१चं प्रकरण मधे गाळू नये. पुढची दोन्ही प्रकरणं त्याच कायद्याच्या कलमांवर उभी आहेत, आणि तो कायदा आजही लागू आहे.